अग्नी थंड आहे, असा कायदा करता येईल का?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. आश्रय मागायला आलेल्या माणसाला स्वतःकडे न ठेवता तिसऱ्याच देशात पाठवून देणं कायदेशीर आहे का? एका शब्दात उत्तर हवं असेल तर ते मिळणार नाही. पण ब्रिटन आणि रवांडा यांच्या कराराचा खटला नीट समजून घेतला, तर उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं. शिवाय त्यातून असा एक प्रश्न निघतो, जो आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या अंगणातला आहे.

आधी योजना काय होती ते बघू. एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने जाहीर केलं की छोट्या बोटींतून इंग्लिश खाडी ओलांडून येणाऱ्यांपैकी काहींना विमानात बसवून रवांडाला पाठवायचं. पुष्कळांचा समज असा की अर्ज तिथे बसून करायचा आणि मंजूर झाला की लंडनला परत. तसं नव्हतं. अर्जाची छाननी रवांडाच करणार, आणि मंजूर झाला तर आश्रयही रवांडातच. ब्रिटनच्या दृष्टीने सुंठीवाचून खोकला गेला!

(त्या वेळच्या गृहमंत्री प्रीती पटेल यांचे आईवडील युगांडाहून आलेले. त्यांच्यानंतरच्या सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील मूळ गोव्याच्या घराण्यातले, केनियाहून आलेले. यावरून टोमणे पुष्कळ मारले गेले. मला ते पटत नाहीत. आईबाप कुठून आले यावरून कुणाचा युक्तिवाद खरा किंवा खोटा ठरत नाही.)

१४ जून २०२२ च्या रात्री पहिलं विमान उडणार होतं. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने अंतरिम मनाई दिली आणि विमान जागेवरच राहिलं. पुढे इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली, अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती अवैध ठरवली. शेवटी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने सरकारच्या विरोधात निकाल दिला.

आता इथे नीट ऐका, कारण वर्तमानपत्री मथळ्यांनी इथेच घोळ घातला. ‘तिसऱ्या देशात पाठवणं मुळातच बेकायदा आहे’ असं न्यायालय म्हणालं नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारातही आपल्या पसंतीच्या देशात राहण्याचा हक्क दिलेला नाही. त्या कराराचं ३३ वं कलम वेगळीच गोष्ट सांगतं. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत अशा कारणांनी जिथे माणसाच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे, तिथे त्याला कोणत्याही मार्गाने परत ढकलायचं नाही. ‘कोणत्याही मार्गाने’ हे शब्द महत्त्वाचे. समजा, मी तुम्हाला शेजाऱ्याकडे सोपवलं आणि शेजाऱ्याने तुम्हाला तुमच्या मारेकऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. मग ‘मी तर फक्त शेजाऱ्याकडे दिलं होतं’ असं म्हणून मला हात झटकता येतील का? येत नाहीत. म्हणून न्यायालयापुढचा खरा प्रश्न एवढाच होता की रवांडा या माणसांना पुढे ढकलेल का? आणि तिथे खात्री लागत नाही. धोका खरा आहे असं मानायला भक्कम कारणं असली की पुरे.

दावा करणारे लोक इराण, इराक, सीरिया, सुदान, व्हिएतनाम इथले होते. रवांडाने लेखी हमी दिली होती की यांना कुठेही परत पाठवणार नाही. या हमीचं करायचं काय?

आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलेलं आहे. पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगायची इच्छा आहे, तो आप्त. वचन देणाऱ्याच्या बाबतीत मी आपल्या घरगुती भाषेत म्हणेन, नियत आणि ऐपत दोन्ही बघायची. न्यायालयाने रवांडाच्या नियतीवर शंका घेतली नाही. ऐपत तपासली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने पुरावा दिला होता की २०२० ते २०२२ या काळात सीरिया, येमेन आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांचे अर्ज रवांडाने शंभर टक्के फेटाळले. युद्ध चालू असलेल्या देशांतल्या माणसांचे, बरं का! आणि आधीचा अनुभवही होता. २०१३ ते २०१८ दरम्यान इस्रायलनेही असाच करार करून लोक रवांडाला पाठवले होते. त्यांतल्या अनेकांना गुपचूप युगांडात पोहोचवण्यात आलं. तेव्हाही हमी होतीच.

खालच्या न्यायालयाची चूक इथेच दाखवली गेली. सरकारचं मूल्यमापन वाजवी दिसतं म्हणून ते मान्य करून चालत नाही. धोका आहे की नाही हे न्यायालयाने स्वतः पुरावा बघून ठरवायचं असतं.

यावर सरकारने काय केलं? डिसेंबर २०२३ मध्ये नवा, अधिक बांधून घेणारा करार केला. त्यामुळे परिस्थिती बदलली, हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. ते न्यायालयापुढे तपासायला ठेवता आलं असतं. पण सरकारने दुसरी वाट धरली. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदाच केला की रवांडा सुरक्षित देश आहे, आणि प्रत्येक न्यायालयाने व अधिकाऱ्याने तसंच मानायचं. एखाद्याच्या वैयक्तिक परिस्थितीचा पुरावा ऐकता येईल. पण रवांडा त्याला पुढे ढकलेल का, हा प्रश्न विचारायचाच नाही. म्हणजे ज्या मुद्द्यावर सरकार हरलं, नेमका तोच.

गीतेवरच्या भाष्यात शंकराचार्यांचा मुद्दा आहे की शंभर श्रुतींनी अग्नी थंड असल्याचं सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. लक्षात घ्या, श्रुतीला सर्वोच्च मानणारा माणूस हे लिहितोय! काय करावं हे श्रुतीने सांगावं. अग्नी कसा आहे ते हात लावून कळतं. ब्रिटनची संसद सार्वभौम आहे, तिचा कायदा न्यायाधीशांना बांधील करतो, हे मान्य. पण किगालीतला अधिकारी उद्या एखाद्या सीरियन मुलाच्या अर्जाचं काय करील, ते वेस्टमिन्स्टरमधल्या मतदानाने ठरत नाही. ज्याला विमानात बसवणार, त्याचा हात त्या अग्नीत जाणार असतो.

जुलै २०२४ मध्ये सत्तांतर झालं आणि कीर स्टार्मर यांनी योजना गुंडाळली. तोवर चार जण स्वखुशीने गेले होते, जबरदस्तीने एकही नाही. खर्च सुमारे ७० कोटी पौंड, असं नव्या सरकारने सांगितलं.

पण वाद संपलेला नाही. इटलीने आश्रयार्थींसाठी अल्बेनियात केंद्रं उभारली, आणि ज्यांचा मायदेश ‘सुरक्षित’ अशा देशांची यादी कायद्याने ठरवली. तिथे नेलेल्या दोन बांगलादेशी नागरिकांचं प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेलं. १ ऑगस्ट २०२५ चा निकाल असा की यादी कायद्याने करायला हरकत नाही. पण ती कोणत्या माहितीवर केली ते अर्जदाराला आणि न्यायाधीशाला बघता आलं पाहिजे, आणि न्यायाधीशाला ती तपासता आली पाहिजे.