फ्री अडतो, चूक मागे असते

लिनक्सवर सी भाषेतला प्रोग्रॅम चालता चालता कोसळतो आणि ओळ उमटते : ‘करप्टेड डबल-लिंक्ड लिस्ट’. बॅकट्रेस बोट दाखवतो एका फ्रीकडे. अनेक जण तो फ्रीच काढून टाकतात. कधी प्रोग्रॅम चालूही लागतो. मला हा सर्वांत वाईट शेवट वाटतो, कारण बिघडलेली मेमरी तशीच राहते.

जीलिबसीचा मॅलॉक मोकळे तुकडे दुहेरी साखळीत ठेवतो (लहान तुकड्यांचे वेगळे साठे सोडून देऊ). जिथे तुमचा डेटा होता, त्याच जागेत आता दोन पॉइंटर असतात : एफडी पुढच्याकडे, बीके मागच्याकडे. फ्री करताना शेजारचा तुकडाही मोकळा असेल, तर दोन्ही जोडण्यासाठी त्या शेजाऱ्याला साखळीतून सोडवावं लागतं. त्याआधी तपासणी होते. पुढच्याचा बीके आणि मागच्याचा एफडी, दोन्ही याच तुकड्याकडे येतात ना? नाही आले, तर अबॉर्ट. सिग्नल क्रमांक 6, म्हणून शेलमध्ये 134 दिसतं : 128 अधिक 6.

सोडवणं म्हणजे दोन पत्त्यांवर लिहिणं. पत्तेच खोटे असतील तर भलतीकडे लिहिलं जाईल. या शतकाच्या सुरुवातीला हल्लेखोरांनी नेमकी हीच वाट वापरली. म्हणून इथे थांबणंच योग्य.

पण पॉइंटर बिघडले ते आधीच. कुणीतरी बफरच्या पलीकडे लिहिलं, किंवा फ्री केलेल्या जागेत लिहिलं. म्हणून कोअर फाइल जपावी आणि जीडीबीत बिघडलेली किंमत नीट वाचावी. सगळीकडे हेक्स 41 दिसलं तर ते इंग्रजी कॅपिटल ‘ए’ हे अक्षर आहे, म्हणजे एखादी स्ट्रिंग सांडली. छोटा पूर्णांक दिसला तर एखाद्या काउंटरवर संशय घ्यावा. निम्मा तपास इथेच लागतो.

मग ॲड्रेस सॅनिटायझर लावून पुन्हा बिल्ड करावं. तो प्रत्येक तुकड्याभोवती निषिद्ध पट्टा आखतो आणि फ्री केलेली जागा काही काळ अडवून ठेवतो. त्यामुळे प्रोग्रॅम बहुधा चुकीच्या लेखनापाशीच थांबतो आणि ती जागा कुठे घेतली, कुठे सोडली तेही कळतं. वेग साधारण निम्मा होतो. तरीही चूक पकडीत आली नाही आणि पत्ता दर वेळी तोच राहत असेल, तर जीडीबीत वॉचपॉइंट लावावा. एक्स86 प्रोसेसरवर हार्डवेअरचे चारच मिळतात.

मॅलॉकसारखीच तपासणी स्वतःच्या साखळीत असर्टने करत असाल, तर असर्टच्या कंसात नोड काढण्याचं काम कधीच करू नये. एनडीबग लावून बिल्ड केलं की असर्टसोबत ते कामही गायब होतं.