जांभ्याचं बिऱ्हाड

बोलपूर स्टेशनात उतरलेला पाहुणा रवींद्रनाथांची घरं पाहतो, खोवाईच्या हाटात कांथाकामाची साडी घेतो आणि परत फिरतो. कलाभवन बहुतेकदा राहूनच जातं. १९१९ साली सुरू झालेली आणि नंदलाल बोस यांनी घडवलेली शांतिनिकेतनातल्या विश्वभारती विद्यापीठाची ही कलाशाळा. तिचं ‘नंदन’ संग्रहालय मोलाचं आहे. पण इथल्या कलेचा जीव त्या इमारतीत नाही, बाहेर झाडांखाली आहे, आणि तो बाहेरच राहायला हवा.

रामकिंकर बैज यांचं ‘संथाल कुटुंब’ पाहिलं की हे पटतं. १९२५ मध्ये बांकुड्याहून इथे आलेल्या या कलावंताला ब्राँझ परवडणारं नव्हतं. १९३८ मध्ये त्यांनी लोखंडी सांगाडा उभारला आणि सिमेंटमध्ये जांभ्याची खडी कालवून तो गिलावा मुठीमुठीने त्यावर फेकला. आपल्या कोकणात घरं आणि गडगे रचतात, त्याच जातीचा हा तांबडा दगड. गड्याच्या खांद्यावर कावड, कावडीत पोर, बाईच्या डोक्यावर ओझं, सोबत कुत्रं. जवळ गेलं की गालांवर, दंडांवर खडे तसेच वर आलेले दिसतात. गुळगुळीत म्हणून काही नाहीच. चौथरा इतका बुटका, की हे बिऱ्हाड आपल्याच वाटेने चाललंय असं वाटतं. देवाला आणि राजाला मिळणारा भव्य आकार इथे मजुराला मिळाला, तोही त्याच्याच पायाखालच्या मातीत. १९५६ च्या ‘मिल कॉल’मध्ये गिरणीचा भोंगा ऐकून धावणाऱ्या बायकांची ओली लुगडी वाऱ्यावर फडफडत वाळताहेत. ते शिल्प दालनात नेलं तर वारा कुठून आणायचा?

पावसाने आतलं लोखंड गंजतं, फुगतं, भेगा पडतात; तेव्हा मूळ शिल्पं आत न्यावीत आणि बाहेर प्रतिकृती ठेवाव्यात, असं कुणी म्हणेल. धोका खरा आहे, म्हणूनच ‘संथाल कुटुंबा’वरचं छप्पर, उजेड अडवत असलं तरी, मान्य करावं लागतं. पण जागेवरच ओतलेलं एवढं सिमेंट उचलायचं म्हणजे त्याला नव्या भेगांचं निमंत्रण. त्यापेक्षा उत्तर आवारातच आहे. ‘कालो बाडी’ हे विद्यार्थ्यांचं वसतिगृह मातीचं, भिंतींवर उठावशिल्पं, वर डांबराचा काळा लेप. असं घर सतत निगा मागतं, लेप पुन्हापुन्हा द्यावा लागतो. शिल्पांची डागडुजीही तशीच, तज्ज्ञांच्या हाताखाली, विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भाग व्हावी.

उरतो प्रश्न सुरक्षेचा. रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेलं, ते संग्रहालयातून. त्यानंतर पहारा वाढला तर नवल नाही. शांतिनिकेतन २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत आल्यावर तो आणखी कडक करावासा वाटेल. पण पदक खिशात मावतं, हे बिऱ्हाड मावत नाही. त्याला राखण हवी ती पाण्यापासून आणि धक्क्यापासून. फाटक बंद केलं तर बाहेर राहतील ती आसपासच्या संथाल वस्त्यांतली माणसं, ज्यांच्या आज्या-पणज्यांना पाहून ही शिल्पं घडली.