‘कुरुंदा’ची अक्षरे ३ की २१? कोड एडिटर नीट लावला तर उत्तर स्क्रीनवरच दिसते

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातील कुरुंदा. नाव तीन अक्षरांचे: कु, रुं, दा. सी भाषेच्या प्रोग्राममध्ये हेच नाव लिहून ‘स्ट्रलेन’ या फंक्शनला लांबी विचारा, उत्तर येते २१. हा आकडा कुठून आला, हे शोधायचे साधन म्हणजे डीबगर. गावातून डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंगसाठी नांदेड-परभणी गाठणाऱ्या अनेकांच्या लॅपटॉपवर नेमका तोच सुरू झालेला नसतो.

कारण साधे आहे. ‘व्हीएस कोड टाकला, आता प्रोग्राम चालेल’ असा समज असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला हा मोफत एडिटर म्हणजे फक्त वही. लिहिलेले यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर वेगळा आणि चालत्या प्रोग्रामला मधेच थांबवून आत डोकावू देणारा डीबगर वेगळा. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचा टर्बो सी होता. तिथे तिन्ही एकत्रच मिळायचे, त्यामुळे हा फरक मला पहिल्यांदा स्वतःच्या लॅपटॉपवरच कळला, तोही दोन रात्री घालवून.

तीन गोष्टी, एक रस्ता

विंडोजवर आधी ‘एमएसवायएस२’ उतरवा. त्याच्या ‘यूसीआरटी६४’ खिडकीत, व्हीएस कोडच्या अधिकृत मदत-पानावर दिलेली ‘पॅकमन’ची ओळ चिकटवली की जीसीसी हा कंपायलर आणि जीडीबी हा डीबगर दोन्ही येतात. डाउनलोड मोठे असते, चांगले वायफाय सापडेल तिथेच करा. एक्स्टेन्शनसह सगळे एकदा बसले की पुढे इंटरनेट लागत नाही.

आता सर्वांत जास्त अडणारी पायरी. सी ड्राइव्हमधल्या एमएसवायएस६४ फोल्डरात यूसीआरटी६४, त्यात ‘बिन’. या ‘बिन’चा पूर्ण पत्ता विंडोजच्या ‘पाथ’ यादीत घाला आणि व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडा. न उघडता ‘जीसीसी सापडत नाही’ म्हणून सगळे पुन्हा इन्स्टॉल करत बसणारे कमी नाहीत. टर्मिनलमध्ये जीसीसीची आवृत्ती विचारल्यावर आकडा दिसला की हे काम झाले.

शेवटी मायक्रोसॉफ्टचे सी/सी++ एक्स्टेन्शन टाका, फाइल उघडा, वर उजवीकडच्या बाणातून ‘डीबग’ निवडा आणि यादीतला जीसीसी घ्या. एडिटर स्वतःच ‘टास्क्स’ नावाची फाइल तयार करतो. तिच्यात ‘-जी’ हा पर्याय आहे ना, एवढे पाहा. तो नसेल तर प्रोग्राम चालतो, पण ब्रेकपॉइंटवर थांबत नाही.

आपल्याकडचा खास घोटाळा म्हणजे फोल्डरचे नाव. ‘माझे प्रोग्राम’ असे देवनागरी नाव किंवा मधे मोकळी जागा असेल, तर ही साधने अनेकदा अडखळतात. नाव साध्या रोमन अक्षरांत, सलग ठेवा. ‘कोड रनर’ हे एक्स्टेन्शनही सोयीचे वाटते, पण ते फक्त चालवते, डीबग करत नाही. त्याच्या आउटपुट खिडकीत काही टाइपही करता येत नाही, म्हणून ‘स्कॅनएफ’ आला की प्रोग्राम नुसता वाट पाहत बसतो.

फक्त फोन असेल तर? अँड्रॉइडवरच्या टर्मक्समध्ये ‘क्लँग’ हा कंपायलर बसतो, पण सगळे काम काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. ब्राउझरमधल्या व्हीएस कोडमध्ये मात्र सी कंपाइल होत नाही.

आता २१ कडे

गावाचे नाव एका कॅरेक्टर अ‍ॅरेत ठेवा. त्यातला एकेक घटक व्हेरिएबलमध्ये घेणारा लूप लिहा, लूपच्या आतल्या ओळीवर एफ९ दाबून ब्रेकपॉइंट लावा आणि एफ५. प्रोग्राम थांबेल. एफ१० दाबत पुढे सरका आणि डावीकडच्या पट्टीत आकडे पाहा: -३२, -९२, -१०७. हा झाला एकटा ‘क’! पुढचे -३२, -९१, -१२७ म्हणजे त्याचा उकार. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. क, उकार, र, उकार, अनुस्वार, द, काना अशी सात चिन्हे, म्हणून २१. ‘प्रिंटएफ’ पेरूनही हे सापडले असते, पण प्रत्येक शंकेला नवी ओळ लिहून पुन्हा कंपाइल करावे लागले असते.

-३२ किती वेळा आला तेवढेच मोजा, ७ येतात. उकार, काना, अनुस्वार अशी जोडचिन्हे वगळा, ३ येतात. कुरुंदा सुटले. आता तालुक्यातलेच हट्टा हे नाव द्या. पाय मोडण्याचे चिन्ह वगळूनही ‘ट’ दोनदा मोजला जातो आणि २ ऐवजी ३ येतात. ब्रेकपॉइंट तिथे लावा.