विश्लेषण : तीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट, सही करण्यापूर्वी काय तपासावे, नागपुरात मदत कुठे मिळते?

मुले मार्गी लागली, निवृत्तीची रक्कम खात्यात जमा झाली आणि वर्षानुवर्षे साचलेले एकदाचे बोलले गेले. पन्नाशी-साठीत वेगळे व्हायचे ठरवणाऱ्या अनेक जोडप्यांची गोष्ट साधारण अशीच असते. या वयात ‘घटस्फोट मिळेल का’ याच्या आधी पेन्शन, घर आणि आजारपणाचा हिशेब करावा लागतो.

घटस्फोटाने नेमके काय जाते?

हिंदू विवाह कायदा, १९५५ हा बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे. दीक्षाभूमीच्या शहरात हे मुद्दाम सांगायला हवे. या कायद्याखाली घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की पत्नीचा वारसाहक्क संपतो. माजी पती मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत तिला वाटा नाही. सरकारी नोकराच्या घटस्फोटित पत्नीला फॅमिली पेन्शन मिळत नाही. पतीच्या नोकरीमुळे मिळणारी वैद्यकीय सुविधाही थांबते. रेल्वे आणि सरकारी कार्यालयांतून निवृत्त झालेल्यांची संख्या मोठी असलेल्या नागपुरात हे किरकोळ नाही.

‘अर्धी मालमत्ता मिळतेच’ हा समज मालिकांमधून आलेला. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे पती-पत्नीची मालमत्ता साधारणपणे सामाईक मानली जाते, महाराष्ट्रात तसे नाही. पतीच्या एकट्याच्या नावावरचा फ्लॅट त्याचाच राहतो. पोटगी ठरवताना न्यायालय तो विचारात घेते, एवढेच. स्त्रीधन मात्र पूर्णपणे पत्नीचे.

म्हणूनच ‘न्यायिक विभक्तता’ हा पर्याय वकिलाला आपणहून विचारावा. यात कायद्याने वेगळे राहता येते, पण लग्न मोडत नाही. त्यामुळे वारसाहक्क सहसा शाबूत राहतो. पुन्हा लग्न करायचे नसेल, तर साठीतल्या पत्नीसाठी हा मार्ग कधी कधी घटस्फोटापेक्षा फायद्याचा ठरतो.

पोटगी कशावर ठरते?

यातला देशभर लागू झालेला महत्त्वाचा निकाल नागपूरच्या प्रकरणातून आला आहे. ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा वाद इथल्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये पत्नीला महिना १५ हजार रुपये अंतरिम पोटगी मंजूर झाली. पतीने आधी नागपूर खंडपीठात आणि मग सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. हे लग्न काही जुने नव्हते. पण ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जे नियम घातले, त्यांचा खरा उपयोग जुन्या संसारांना आहे.

पोटगीच्या दाव्यात आता दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. लग्न किती वर्षे टिकले, हा मुद्दाही विचारात घ्यायचा आहे. शिकलेल्या पत्नीने मुलांसाठी, घरासाठी नोकरी सोडली असेल, तर त्याला महत्त्व द्यावे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. ‘तू शिकलेली आहेस, कमव’ या युक्तिवादाला हे उत्तर आहे.

मुस्लिम महिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले की, घटस्फोटित पत्नीलाही फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १२५ खाली पोटगी मागता येते. नव्या संहितेत ही तरतूद कलम १४४ मध्ये आहे.

दुसरा तयारच नसेल तर?

संमतीने घटस्फोट घ्यायचा तर किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकते, हे २०१७ च्या निकालाने ठरले. एकजण नाही म्हणाला, तर छळ किंवा त्याग असे कारण सिद्ध करावे लागते. ‘नाते संपले आहे’ एवढ्यावर घटस्फोट देण्याचा विशेष अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाला आहे आणि तोही जपून वापरला जातो. १९६३ मध्ये लग्न झालेल्या आणि १९८४ पासून वेगळे राहणाऱ्या ८९ वर्षांच्या पतीला ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने नकारच दिला. घटस्फोटितेचा शिक्का घेऊन मरायचे नाही, असे ८२ वर्षांच्या पत्नीचे म्हणणे होते.

नागपुरात कुणाकडे जायचे?

वकिलाची फी भरण्याआधी सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्न कितीही असले तरी वकील मोफत मिळतो. बँकेत अधिकारी असलेल्या बाईलाही हे लागू आहे. अनेकींना ते माहीतच नसते. पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००.

मारहाण किंवा धमकी असेल, तर ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१. शहर पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये समुपदेशन होते. ‘घर सोड’ असे कुणी म्हटले म्हणून पत्नीला लगेच निघावे लागत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ तिला राहण्याचा हक्क देतो, घर कुणाच्याही नावावर असो. झोप उडाली असेल, मन लागत नसेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

दावा दाखल झाल्यावर सीएनआर क्रमांक लिहून घ्या. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तो टाकला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते. पासबुक, विमा, फ्लॅटचा करार, पेन्शनची कागदपत्रे यांचे फोटो काढून ठेवा, मात्र घरात सगळ्यांना पासवर्ड माहीत असलेल्या ई-मेलवर ते पाठवू नका.