तापट इंजिनाला सौम्य चाल

शर्यतीच्या मैदानावर वाऱ्याशी स्पर्धा करणारी मोटार शहराच्या रस्त्यावर आली म्हणजे पुष्कळदा तिची दैना होते. चौकातील लाल दिव्यापाशी ती थांबली की इंजिन थरथरू लागते, आचके देते आणि क्लच सोडताक्षणी बंद पडते. मालक कार्ब्युरेटरला दोष देतो, तो काढून दुसरा बसवितो. पण दुखणे जागच्या जागी राहते. या दुखण्याचे मूळ झडपांची उघडझाप ठरविणाऱ्या कॅमशाफ्टमध्ये असते, आणि त्यावरचा उतारा मुख्यतः ठिणगीच्या वेळेत सापडतो.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. तिच्या अंगावरील उंचवटे मिश्रण आत घेणारी शोषणझडप आणि धूर बाहेर सोडणारी निष्कासझडप आळीपाळीने उचलतात. मिनिटाला 6000 फेऱ्यांच्या वेगाने पिस्टनला एकदा खाली यावयास सेकंदाचा फक्त दोनशेवा भाग मिळतो. हवेलाही वजन आहे. इतक्या अल्प अवधीत ती आत शिरून सिलिंडर पुरता भरू शकत नाही. म्हणून शर्यतीच्या कॅमशाफ्टचे उंचवटे रुंद घडवितात. झडप लवकर उघडते, उशिरा मिटते आणि एकदा धावू लागलेली हवा आपल्याच वेगाने आत लोटत राहते. वेगात मिळणारी अधिक शक्ती ती हीच.

परंतु या सोयीची किंमत मंद गतीत चुकवावी लागते. निष्कासझडप मिटण्यापूर्वीच शोषणझडप उघडत असल्याने काही काळ दोन्ही दारे उघडी राहतात. गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतो; शोषणनलिकेतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. साहजिकच जळालेला धूर उलटा आत ओढला जातो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. धुराने पातळ झालेले हे मिश्रण सावकाश जळते, कधी जळतच नाही. एक सिलिंडर जोर लावतो, दुसरा रिता जातो. इंजिन थरथरते ते यामुळे.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या कॉर्व्हेट मोटारीचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने 1956 च्या प्रारंभी डेटोना बीच येथे आपल्या खास कॅमशाफ्टच्या साहाय्याने ही मोटार ताशी 150 मैलांहून अधिक वेगाने पळविली. पुढे 1964 साली 327 घनइंचांच्या, आठ सिलिंडरांच्या इंजिनाला याहूनही तीव्र कॅमशाफ्ट बसवून 365 अश्वशक्ती मिळविण्यात आली. दोन्ही झडपांची फट 0.030 इंच ठेवावी लागत असल्याने रसिकांत ती ‘थर्टी-थर्टी’ या नावाने ओळखली जाते. साध्या इंजिनाच्या शोषणनलिकेत मंद फेऱ्यांवर पाऱ्याचे सुमारे 18 इंच निर्वात आढळते. या इंजिनात ते जेमतेम 10 इंच भरते. पुढील सर्व उपाययोजना या एका आकड्याभोवती फिरते.

मिश्रण सावकाश जळत असेल, तर त्याला अगोदर पेटविले पाहिजे. डिस्ट्रिब्यूटरच्या बगलेला एक पातळ पडद्याची डबी असते; निर्वाताच्या ओढीने तिचा पडदा सरकतो आणि ठिणगी अगोदर पडते. साध्या मोटारीची डबी पुरती ओढली जाण्यास 15 इंचांच्या आसपास निर्वात लागत असेल, तर 10 इंचांवर ती अर्धवट लोंबकळते. फेरे किंचित उतरले की निर्वात घटते, ठिणगीला उशीर होतो, फेरे आणखी उतरतात आणि अखेर इंजिन बंद पडते. उपाय साधा आहे : सुमारे 8 इंचांवर पुरती ओढली जाणारी डबी बसवावी आणि तिची नळी थ्रॉटलच्या खालच्या अंगाला, थेट शोषणनलिकेस जोडावी. मूळची 12 अंश आणि डबीची 16 अंश मिळून मंद फेऱ्यांवर ठिणगी 28 अंश अगोदर पडू लागते. इंजिन स्थिरावते, आणि उशिरा पडणाऱ्या ठिणगीने चढणारी उष्णताही उतरते.

यात ठोके पडण्याचे भय वाटण्याचे कारण नाही. पाय पुरता दाबला की निर्वात नाहीसे होते आणि डबीची अग्रता आपोआप गळून पडते. मूळची अग्रता आणि फेऱ्यांबरोबर वजनांच्या योगे वाढणारी अग्रता मिळून सुमारे 36 अंशांची मर्यादा तेवढी सांभाळावी.

कामाचा क्रम मात्र मोडू नये. प्रथम झडपांची फट तपासावी. ती कमी राहिली तर झडपा अधिक काळ उघड्या राहून थरथर वाढते. मग ठिणगी, आणि सर्वांत शेवटी कार्ब्युरेटर. फेरे मिनिटाला 500 वर आणण्याचा हट्ट धरू नये. 850 ते 900 हेच अशा इंजिनाचे स्वाभाविक मान होय. निर्वातमापक जोडून मिश्रणाचे स्क्रू काटा सर्वांत वर चढेल तेथे थांबवावेत. उगाच पेट्रोल वाढविले तर प्लगवर काजळी धरते. थ्रॉटल फार उघडा ठेवल्यावाचून इंजिन चालत नसेल, तर त्याच्या चकतीस बारीक छिद्र पाडून हवेची वेगळी वाट करून देतात.

एका धोक्याकडे दुर्लक्ष होता कामा नये. पायाला साहाय्य करणारे पॉवर ब्रेक याच निर्वातावर चालतात. ते दुबळे झाले तर ब्रेकचे पायपाट जड होते आणि ऐन गर्दीत थांबण्याचे अंतर वाढते. म्हणून निर्वाताची साठवणटाकी बसवावी, अथवा साधे ब्रेक पत्करावेत. शक्तीच्या हौसेपायी येथे तडजोड नाही.

मंद गतीतील सौम्यता आणि वेगातील शक्ती एकाच उंचवट्यातून पुरती मिळणे शक्य नव्हते. ही अडचण ओळखून होंडा कंपनीने 1989 साली इंटेग्रा मोटारीत मंद आणि तीव्र असे दोन प्रकारचे उंचवटे एकाच कॅमशाफ्टवर घडविले आणि वेगानुसार त्यांची अदलाबदल साधली. जुन्या इंजिनाच्या चाहत्याला ही सोय नाही. त्याने कॅमशाफ्ट निवडतानाच आपण किती काळ शर्यतीत आणि किती काळ रस्त्यावर असतो, याचा प्रामाणिक हिशेब करावा. एवढे झाले, तर उरलेले अंतर योग्य वेळी पडणारी ठिणगी बरेचसे भरून काढते.