तवंगाला रंग, तावदानाला का नाही?

पावसाळ्यात पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना डबक्याकडे एकदा बघा. सांडलेल्या डिझेलचा तवंग पसरलेला असतो आणि त्यावर जांभळे, मोरपंखी, पिवळसर पट्टे सरकत असतात. एखादं चाक गेलं की फुटतात, पुन्हा जुळतात. कारण बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. तवंगाच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा प्रकाश परततो, पाण्याला टेकलेल्या खालच्या पृष्ठभागावरून थोडा; या दोन लाटा एकत्र आल्या की काही रंग उठून दिसतात, काही मरतात. पण मग खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग असतात की! तिथूनही दोन लाटा परततात. तिच्यावर रंग का नाहीत?

भौतिकशास्त्र शिकलेल्या मित्रांना मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. आधी हसतात, मग गप्प होतात.

खरा फरक जाडीचा आहे. तवंग जेमतेम मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका. काच चांगली 4 मिलिमीटर. आणि सूर्यप्रकाश ही काही एक अखंड, शिस्तीत चाललेली लाट नव्हे. असंख्य कण आपापल्या मर्जीने सोडत असलेल्या लाटांचा तो गलका आहे, त्यात सगळे रंग मिसळलेले. त्यामुळे त्याचा ठेका मायक्रॉनभर टिकतो आणि बदलतो. तवंगातून उशिरा येणारी लाट इतकी थोडी मागे पडते की पुढचीशी तिचा ठेका अजून जुळतो. काचेतून येणारी मात्र तब्बल 12 मिलिमीटर मागे पडते (जाऊन-येऊन 8, शिवाय काचेत प्रकाश दीडपट सावकाश चालतो). तोवर पुढच्या लाटेचा ठेका हजारो वेळा बदललेला. जाणकार म्हणतील, काचेतही रंग वेगळे होतातच, फक्त त्यांची दाटी इतकी होते की डोळ्याला सरासरी पांढराच दिसतो. बरोबर आहे. एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली, इतकंच.

ठेका असा टिकून राहण्याला कोहेरन्स म्हणतात. मराठीत ‘सुसंगती’ चालतो, पण मला परिभाषेतला ‘कलासंबद्धता’ आवडतो. चंद्राची कला असते तशी लाटेचीही: ती आत्ता चढावर आहे की उतारावर, हे सांगणारी. मात्र प्रकाश कलासंबद्ध ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं जे क्लासमध्ये पाठ करून घेतात, ते मला खटकतं. विचारायचं ते किती अंतरापर्यंत, किती वेळ.

हे अंतर मागे-पुढे मोजता येतं, तसं आडवंही. आडव्या अंतराची गंमत मोठी आहे. थेट उन्हात एकमेकांपासून केसाच्या जाडीएवढ्या अंतरावरच्या दोन ठिकाणी ठेका जेमतेम जुळलेला सापडतो, त्याहून लांब नाही. आता मृग नक्षत्रातला तांबूस तारा घ्या, काक्षी, म्हणजेच बेटेलग्यूज. डिसेंबर 1920 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर मायकेल्सन आणि पीझ यांच्या प्रयोगात 100 इंची दुर्बिणीच्या तोंडावर 20 फुटी तुळई बसवलेली होती, तिच्यावर सरकते आरसे. दोन आरशांनी पकडलेला ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणला की उजळ-काळे पट्टे दिसायचे. आरसे एकमेकांपासून लांब नेत गेले तसे पट्टे फिके होत गेले आणि सुमारे 10 फुटांवर पुसले गेले. त्यावरून ताऱ्याचा व्यास निघाला, कोनात 0.047 सेकंद. सूर्याबाहेरच्या ताऱ्याचं आकारमान असं प्रथमच मोजलं गेलं. सूर्याच्या जागी ठेवला तर तो पृथ्वीची कक्षा गिळेल.

पण काक्षीवरचे अणूही एकमेकांना विचारून प्रकाश सोडत नाहीत. मग 10 फूट रुंदीत ठेका आला कुठून? तळ्यात पोरं धडाधड दगड मारत असतात तेव्हा दगडांपाशी नुसता कालवा असतो. पलीकडच्या काठावर मात्र लाटा बऱ्यापैकी एका ओळीत येऊन लागतात. तसंच हे. गोंधळातून निघालेल्या प्रकाशालाही नुसत्या दूरच्या प्रवासाने आडवी सुसंगती मिळते.

लेसरला इतकं दूर जावं लागत नाही. जत्रेत मिळतो तो लाल लेसर भिंतीवर मारा (डोळ्यात कुणाच्याच नको). ठिपका गुळगुळीत दिसत नाही, त्यात चमचमते रवे दिसतात. मान हलवली की रवे सरकतात. चष्मा काढला तर भिंत धूसर होते, रवे मात्र तसेच रेखीव. कारण ते भिंतीवर नसतातच. भिंतीच्या खडबडीवरून आलेल्या, ठेका न सोडलेल्या लाटा तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर एकमेकींत मिसळून ते घडवतात.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची असलेली लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा याच गुणावर चालेल. अमेरिकेतल्या लायगोच्या 4 किलोमीटरच्या भुजेत प्रकाश आरशांवरून सुमारे 300 वेळा परततो. म्हणजे 1,200 किलोमीटर चालून आलेल्या प्रकाशाने नुकत्याच आत शिरलेल्या प्रकाशाशी ठेका जुळवायचा. कुठे उन्हाचा मायक्रॉन, कुठे हे!

पुंजयामिकीने यात भर घातली ती अशी की पदार्थालाही लाट असते, म्हणून त्यालाही ठेका असतो. व्हिएन्नात 1999 मध्ये 60 कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूंनी असे उजळ-काळे पट्टे दाखवले. मला जास्त मोलाचा वाटतो तो तिथलाच 2004 चा प्रयोग. 70 अणूंचे रेणू वाटेत लेसरने तापवले. जसजसे तापवले तसतसे पट्टे विरत गेले. रेणूंना कुणी धक्के मारत नव्हतं, कुणी डोळे लावून बसलं नव्हतं. तापलेलं लोखंड प्रकाशतं तसे रेणू स्वतःच प्रकाशकण सोडत होते, आणि त्या प्रत्येक कणाबरोबर रेणू कुठल्या वाटेने गेला याची बातमी बाहेर जात होती. ती कुणी वाचली नाही तरी चालतं. बातमी गेली की पट्टे गेले. ठेका नष्ट होत नाही, तो भोवतालच्या पसाऱ्यात वाटला जातो आणि तिथून गोळा करणं कुणाच्या हातचं राहत नाही.

पुंजसंगणक बनवणाऱ्यांचं रोजचं दुखणं हेच. ऑगस्ट 2024 मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेने संस्थेच्या साथीने 6 क्यूबिटांच्या (क्यूबिट म्हणजे पुंजसंगणकाचा मूळ घटक) प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. अतिसंवाहक धातूचे असे क्यूबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाइतक्या थंडीत ठेवतात, म्हणजे उष्णतेचे प्रकाशकण जवळपास उरतच नाहीत. एवढं करूनही ठेका टिकतो तो मायक्रोसेकंदांत मोजण्याइतका. आणि क्यूबिटला पूर्ण एकटं सोडताही येत नाही. त्याला काम सांगायचं, उत्तर वाचायचं, तर त्या थंड पेटीत तारा न्याव्याच लागतात. ज्या तारेने हुकूम आत जातो, तिच्यावरूनच आतली बातमी बाहेर झिरपते.