सगळं आहे, पण व्यवस्था कुठे आहे?

शहरातली रेल्वे, मेट्रो, बस आणि त्यांचं सरकारी नियोजन हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं कुणाच्याही मनात येईल. रूळ आणि सिग्नल हा अभियंत्यांचा प्रांत आहे, मान्य. पण नियोजन करायचं ते नेमकं कशाचं, हा प्रश्न संकल्पनेचा आहे. तो आमच्याकडे येतो.

ऑक्सफर्डला गिल्बर्ट राइल नावाचे तत्त्वज्ञ होते. 1949 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एक उदाहरण आहे. एक पाहुणा ऑक्सफर्ड बघायला येतो. त्याला महाविद्यालयं, ग्रंथालयं, मैदानं, कार्यालयं असं सगळं दाखवतात. ते बघून झाल्यावर तो विचारतो, हे ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे? राइल म्हणतात, पाहुण्याचा इथे घोटाळा झाला. विद्यापीठ ही या इमारतींच्या शेजारची आणखी एक इमारत नव्हे. या सगळ्यांची जी जुळणी आहे, तिलाच विद्यापीठ म्हणायचं.

आता हाच पाहुणा मुंबईला आणू. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तो मार्ग त्याला दाखवू. 1926 पासून धावणारी बस दाखवू. 2014 साली सुरू झालेली वर्सोवा–घाटकोपर मेट्रो, मग दहिसरकडच्या मेट्रो आणि जमिनीखालून जाणारी, साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो तीन दाखवू. तो विचारेल, हे ठीक आहे, पण सार्वजनिक वाहतूक व्यवस्था कुठे आहे?

इथे मात्र त्याला हसता येणार नाही. भाग सगळे जागेवर आहेत, जुळणी शोधावी लागते. लोकल केंद्र सरकारची, तीही मध्य आणि पश्चिम अशा दोन रेल्वेंमध्ये वाटलेली. बेस्ट महापालिकेची. मेट्रोचे मार्ग वेगवेगळ्या यंत्रणांकडे. स्थानकाबाहेरचा पदपथ पुन्हा महापालिकेचा. प्रत्येकाकडे आपापला आराखडा आहे. पण माणूस एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर जातो, ती मधली जागा कुणाची?

हा शब्दांचा खेळ नाही. 29 सप्टेंबर 2017 ची सकाळ आठवा. एल्फिन्स्टन रोड हे पश्चिम रेल्वेचं स्थानक, त्याला लागून परळ हे मध्य रेल्वेचं. पादचारी पुलाच्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि 23 माणसं गेली. त्या भागातल्या गिरण्या बंद पडून तिथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले होते. जमिनीचा वापर बदलायला परवानगी देणारे एक, आणि जिना सांभाळणारे दुसरे. हजारो नव्या नोकरदारांची पावलं त्याच जिन्यावर पडणार, हे वर्षानुवर्षं दिसत होतं. पुढे लष्कराच्या अभियंत्यांनी काही महिन्यांत तिथे नवा पूल उभा केला. म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं.

मग असं का होतं? कारण आपण मोजतो काय, ते बघा. किती किलोमीटर मार्ग झाला, किती स्थानकं झाली, हे सरकार मोजतं. फीत त्याचीच कापता येते. माणसाचा प्रवास मात्र घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत असतो. समजा, एक बाई सकाळी मुलाला शाळेत सोडते, बसने स्टेशन गाठते, लोकल पकडते, उतरून शेअर रिक्षा करते. येताना भाजी घेते. तिच्या दिवसातले तीन-चार तुकडे तीन-चार खात्यांत जमा होतात. रांगेत उभं राहण्याचा वेळ आणि तुटक्या पदपथावरचं चालणं कुठल्याच खात्यात जमा होत नाही. आणि हे सगळं जोडणारी जी बस, तीच आपण रोडावू दिली. बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांहून अधिक गाड्या होत्या, आता तीन हजारही उरलेल्या नाहीत.

कागदावर हे सगळं ठाऊक आहे, बरं का. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने सांगितलं की वाहनांचा नव्हे, माणसांचा विचार करा. 2017 च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रो मागणाऱ्या शहराला अटीच घातल्या: आधी इतर पर्यायांशी तुलना करा, स्थानकापर्यंत पोहोचण्याची सोय आराखड्यातच दाखवा, आणि सगळ्या वाहतुकीसाठी एक प्राधिकरण नेमा.

यावर कुणी म्हणेल, सगळं एकाच खात्याच्या हाती दिलं तर ते आणखी सुस्त होईल. शंका रास्त आहे. पण जुळणीसाठी सगळे एकाच मालकीचे असावे लागत नाहीत. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात 1965 साली वेगवेगळ्या वाहतूक संस्थांनी एक संघ केला. संस्था वेगळ्याच राहिल्या, तिकीट आणि वेळापत्रक एक झालं. प्रत्येकाला आपल्या अधिकाराचा थोडा भाग सोडावा लागला. आपल्याकडे अडतं ते तिथेच.

तेव्हा पुढच्या मार्गाच्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील, तेव्हा किलोमीटर विचारू नका. एवढंच विचारा: स्थानकातून बाहेर पडल्यावर बस किती मिनिटांनी मिळेल, चालायला पदपथ किती रुंद असेल, आणि गर्दी वाढली तर जिना रुंद करायची जबाबदारी कुणाची? तिसऱ्या प्रश्नाला एका पदाचं नाव मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत हरकत मागे घेऊ नका.